रोज एक मिलिमीटर

मांजानं मनगट चिरलं किंवा फुटक्या काचेनं हात कापला, की आपण म्हणतो, 'शीर तुटली.' रक्त वाहून नेणारी तीही शीर आणि बोटांना हुकूम पोचवणारी तीही शीरच. हा घोळ केवळ आपला नाही. प्राचीन ग्रीकांचा 'न्यूरॉन' हा शब्दसुद्धा स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोरांसाठी वापरला जाई. फरक मात्र मोठा आहे. मज्जातंतू तुटला, की हात जागेवर असूनही आपला राहत नाही. सदऱ्याची गुंडी लागत नाही, तापलेला तवा कळत नाही.

तुटल्यावर नेमकं काय होतं, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून दाखवलं. तुटलेल्या जागेपुढचा भाग झडून जातो. मागचा, मेंदूशी नातं टिकवून असलेला भाग मात्र जगतो. पुढे स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की त्या जिवंत टोकाला कोंब फुटतात आणि ते वाट चाचपत पुढे सरकतात. वाट दाखवतात त्या श्वान पेशी. नावानं फसू नका, थिओडोर श्वान हे जर्मन शास्त्रज्ञ होते. पण या पेशींचं इमान पाहिलं, की मराठी कानाला ते नाव शोभूनच दिसतं!

पहिल्या महायुद्धात गोळ्यांनी हजारो सैनिकांचे हातपाय लुळे केले. १९१५ मध्ये फ्रान्सचे झूल तिनेल आणि जर्मनीचे पाउल हॉफमन यांनी स्वतंत्रपणे एकच खूण नोंदवली. जखमेपुढे मज्जातंतूच्या वाटेवर बोटानं ठोकलं आणि मुंग्या आल्या, तर समजावं, कोंब तिथवर पोचला. मधे खंदक होते, दोन्हीकडून तोफा धडधडत होत्या आणि दोन्ही बाजूंचे डॉक्टर एकाच खुणेची वाट पाहत होते.

कोंबाचा वेग मात्र दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटापासून बोटापर्यंत सहा महिने. काखेपासून पंजापर्यंत दोन वर्षं. हुकुमाविना पडून राहिलेला स्नायू तेवढा थांबत नाही. वर्ष-दीड वर्षानंतर तो सहसा पुन्हा कामाला येत नाही. सारी झुंज या हिशेबाशी आहे.

मधला तुकडाच नष्ट झाला, तर? टोकं ताणून शिवण्यात नुकसान आहे, हे व्हिएन्नाचे हानो मिलेसी यांनी १९७० च्या सुमारास पटवून दिलं. मग पायाच्या पोटरीतला मज्जातंतू काढून तिथं जोडायचा. हाताला मिळतं, पण पावलाच्या कडेला कायमची बधिरता येते. हे कर्ज टाळण्यासाठी पोकळ नळीचा विचार आला. १८८२ मध्येच व्हॅनलेअर यांनी क्षार काढलेल्या हाडाची नळी कुत्र्यावर वापरली होती. शंभर वर्षांनी स्वीडनच्या गोरान लुंडबोर्ग यांनी सिलिकॉनच्या नळीतून उंदरांचे मज्जातंतू वाढवले. आता शरीरात विरघळणाऱ्या कोलॅजनच्या नळ्या मिळतात. पण अंतर तीन सेंटिमीटरच्या पुढे गेलं, की रिकाम्या नळीचा भरवसा उरत नाही. रस्ता आहे, वाटाड्या नाही.

म्हणून संशोधक आता त्या रस्त्यावर पेशी वसवू पाहतात. कुणी चरबीतल्या मूळ पेशींना श्वान पेशींचं काम शिकवतात. मायामीच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच श्वान पेशी प्रयोगशाळेत वाढवून पायाच्या मोठ्या मज्जातंतूच्या जोडणीत वापरल्या. तो अनुभव २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हे अजून प्रयोगच आहेत. मोठ्या अंतरासाठी मुख्य भिस्त आजही पोटरीतल्या त्या उसनवारीवरच आहे.

तेव्हा जखम शिवून झाली, पण बोट बधिर राहिलं, तर 'येईल हळूहळू' म्हणून बसू नका. लगेच दाखवा. कोंबाला रोजचा एक मिलिमीटरच मिळतो. त्यातले दिवस आपण तरी वाया घालवू नयेत.