परकी दृष्टी आणि देशी हात : लीना बो बार्दी ते जयपूर

तौलनिक अभ्यासात प्रत्यक्ष प्रभाव सिद्ध करता येतो तेथेच तुलना संभवते असे नाही. दोन भिन्न समाजांत एकाच प्रश्नाला मिळालेली उत्तरे शेजारी ठेवली, तरी त्या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. इटालियन वास्तुविशारद व अभिकल्पक लीना बो बार्दी (१९१४–१९९२) यांचे ब्राझीलमधील कार्य आणि मूळच्या ब्रिटिश अभिकल्पक फेथ सिंग यांचे जयपूरमधील कार्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. बाहेरून आलेल्या व्यक्तीने एखाद्या प्रदेशातील कारागिरी जगापुढे मांडली, तर त्या निर्मितीचे कर्तृत्व कोणाचे, हा तो प्रश्न होय.

लीना यांचा जन्म रोमचा. १९३९ मध्ये तेथेच वास्तुशास्त्राचे शिक्षण पुरे करून त्या मिलानला गेल्या. युद्धकाळात बांधकामे थांबलेली असल्याने त्यांची उमेद नियतकालिकांकडे वळली. 'दोमुस' या मासिकाच्या संपादनात त्यांचा वाटा होता. १९४३ च्या बॉम्बवर्षावात त्यांचे कार्यालय उद्ध्वस्त झाले. १९४६ मध्ये पती पिएत्रो मारिया बार्दी यांच्यासह त्या ब्राझीलला गेल्या आणि १९५१ मध्ये त्यांनी तेथील नागरिकत्व स्वीकारले. साओ पाउलोचे कलासंग्रहालय (१९६८) आणि जुन्या कारखान्यातून साकारलेले पोंपेइया केंद्र (१९७७–१९८६) ही त्यांची ख्यातकीर्त कामे.

प्रस्तुत तुलनेसाठी मात्र बाहिया प्रांतातील त्यांची वर्षे अधिक महत्त्वाची ठरतात. साल्वादोर येथील सोलार दो उन्याओ या वसाहतकालीन वास्तुसमूहाचा जीर्णोद्धार करताना लीना यांनी तेथे एक लाकडी जिना उभारला. त्याची जोडणी स्थानिक बैलगाडीच्या जोडकामावरून घेतलेली आहे. १९६३ मध्ये त्याच वास्तूत त्यांनी ईशान्य ब्राझीलमधील लोकांच्या नित्य वापरातील वस्तूंचे प्रदर्शन भरवले. या वस्तूंना लोककलेचे गोंडस नाव देऊन कपाटबंद करणे त्यांना मान्य नव्हते. अभावातून जन्मलेली ती निर्मितीबुद्धी आहे आणि तीतूनच देशाचे आधुनिक अभिकल्पन घडावे, असा त्यांचा आग्रह होता. १९६४ च्या लष्करी उठावाने हा प्रयत्न मोडला.

जयपूरमध्ये जॉन आणि फेथ सिंग यांनी १९७० मध्ये 'अनोखी'ची स्थापना केली. सांगानेर आणि बगरू येथील छिपा समाजाचे ठसेछपाईचे कौशल्य हा तिचा पाया होता. ठसेछपाईत एकच आकृती अनेक ठशांत विभागलेली असते. रेषेचा 'रेख', भरणीचा 'दत्ता' आणि पार्श्वभूमीचा 'गद' असे ठसे क्रमाने उमटवावे लागतात. ठसा कोरणारा, छापणारा आणि रंगणारा हे वेगवेगळे कारागीर असतात. म्हणजे येथे मुळातच एकटा कर्ता नाही. या सामूहिक क्रियेला शहरी आणि परदेशी ग्राहकाच्या पेहरावाशी जोडून देणे, हे अभिकल्पकाचे काम ठरले. आमेर येथील एका जीर्ण हवेलीचा जीर्णोद्धार करून २००५ मध्ये तेथे हस्तछपाईचे संग्रहालय उघडण्यात आले. तेथे कापडाबरोबर ठसा कोरणारा हातही प्रेक्षकाला दिसतो.

दोन्ही उदाहरणांत जुनी वास्तू आणि जिवंत कारागिरी यांची सांगड आहे. आधार मात्र वेगळा आहे. बाहियातील प्रयोग शासनाश्रयावर उभा होता आणि शासन पालटताच कोसळला. जयपूरचा प्रयोग बाजारावर उभा राहिला, म्हणून टिकला. पण बाजारात वस्त्र विकले जाते ते संस्थेच्या नावाने. छापणाऱ्याचे नाव ग्राहकापर्यंत क्वचितच पोहोचते. मराठी वाचकाला ही स्थिती अपरिचित नाही. ओव्यांच्या संग्रहावर संपादकाचे नाव असते, जात्यावर बसून ओवी गाणारीचे बहुधा नसते. संकलनाविना ओवी विरून गेली असती हे खरे. म्हणून गाणारीचे ऋण फिटते असे नव्हे.

साहित्याच्या अभ्यासकांना या इतिहासाशी आणखी एक नाते आहे. सिंग दांपत्याच्या पुढाकाराने २००२ मध्ये जयपूर विरासत फाउंडेशन स्थापन झाले आणि त्याच्याच वारसा महोत्सवाच्या कुशीत २००६ मध्ये जयपूर साहित्य महोत्सवाचा आरंभ झाला. आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या या महोत्सवाचे मूळ कारागीर आणि लोककलावंत यांच्यासाठी चाललेल्या खटपटीत आहे. पुढे महोत्सव स्वतंत्र झाला आणि त्याचे केंद्र ग्रंथ व ग्रंथकार यांच्याकडे सरकले. ज्याच्या नावावर ग्रंथ आहे तो व्यासपीठावर आला. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचा हात मात्र कापडावरच राहिला.

परकी दृष्टी ही केवळ अपहरणाची दृष्टी असते असे या दोन चरित्रांवरून म्हणता येत नाही. सवयीमुळे स्थानिकांना न दिसणारे मोल तिला दिसते. परंतु पाहणे म्हणजे निर्मिणे नव्हे. लीना यांच्या जिन्यात बैलगाडी बनवणाऱ्या सुताराची बुद्धी आहे आणि जयपूरच्या वस्त्रात छिप्याची. कर्तृत्वाचा इतिहास लिहिताना अभिकल्पकाच्या नावाशेजारी ती जागा मोकळी ठेवणे, एवढे तरी अभ्यासकाला करता येण्याजोगे आहे.