कुत्र्यामागे जाणारी बदके

तळ्याच्या काठावर कोल्हा दिसला तर पाण्यातली बदके काय करतील? ‘उडून जातील’ असे उत्तर वर्गातली बहुतेक मुले देतील. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटेच घडते. बदके माना उंचावून कोल्ह्याकडे पाहतात आणि थोडे अंतर राखून त्याच्या मागोमाग पोहत जातात. यात वेडेपणा नाही. दिसणारा शत्रू अचानक झडप घालू शकत नाही. तो नजरेआड झाला की खरा धोका.

बदकांची ही सवय हॉलंडच्या पाणथळ प्रदेशातल्या लोकांनी हेरली आणि तिच्यावर त्यांना पकडण्याची एक युक्ती बेतली. डच भाषेत ‘कोय’ म्हणजे पिंजरा. त्यावरूनच इंग्रजीतला ‘डिकॉय’ हा शब्द आला असे मानतात. १६६५ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने लंडनच्या सेंट जेम्स पार्कमध्ये असा डिकॉय बांधण्यासाठी हॉलंडहून कारागीर आणवला होता.

आज डिकॉय म्हटले की पाण्यावर तरंगणारे लाकडी नकली बदक आठवते. तीही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेतील नेवाडा राज्यात, लव्हलॉक गुहेत १९२४ साली सापडलेली लव्हाळ्याची अकरा नकली बदके सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. पण नकली बदक पक्ष्याला शिकाऱ्याच्या टप्प्यात आणते, इतकेच. डच डिकॉयची रचना निराळी होती.

झाडांनी वेढलेले एक लहानसे शांत तळे घ्यायचे. त्याच्या कडेपासून तीन-चार किंवा अधिक चर निरनिराळ्या दिशांना खणायचे. प्रत्येक चर तोंडाशी रुंद, पुढे निमुळता आणि वाकडा. त्यावर कमानी उभारून जाळे पसरायचे. शेवटी जाळ्याचीच एक पिशवी. चराच्या एका बाजूने बोरूचे तिरपे कुड ओळीने उभे करायचे. त्यांच्यामागे माणूस लपे. दोन कुडांच्या मधल्या फटीतून त्याचा कोल्ह्यासारखा तांबूस, झुपकेदार शेपटीचा कुत्रा क्षणभर दिसे आणि पुढच्या कुडामागे नाहीसा होई. मग आणखी पुढे पुन्हा दिसे. कुतूहलाने बदके मागे मागे चरात शिरत. ती पुरेशी आत आली की माणूस त्यांच्या मागच्या बाजूला, चराच्या तोंडाकडे प्रकट होई. घाबरलेली बदके पुढे, म्हणजे थेट पिशवीत उडत.

चर अनेक का? बदके वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडणे पसंत करतात. म्हणून ज्या चरातून वारा तळ्याकडे येत असेल तोच त्या दिवशी निवडायचा. पण मग माणसाचा वासही तळ्याकडे जाणार! तो झाकण्यासाठी हातात दलदलीतल्या वाळलेल्या मातीचे धुमसते ढेकूळ धरीत. आणि चर वाकडा कशासाठी? तळ्यातल्या उरलेल्या बदकांना पुढे काय घडले ते दिसू नये म्हणून. बंदुकीचा आवाज नाही, गोंधळ नाही. त्यामुळे त्याच तळ्यावर बदके पुन्हा पुन्हा उतरत. हॉलंडमध्ये तर डिकॉयभोवती ठराविक अंतरात कोणी गोंगाट करू नये असा कायदेशीर हक्कच मालकाला असे.

या शांततेची किंमत केवढी होती? अठराव्या शतकातला निसर्गअभ्यासक टॉमस पेनंट याने लिंकनशायरमधील वेनफ्लीटजवळच्या फक्त दहा डिकॉयांत एका हंगामात ३१,२०० पक्षी पकडल्याची नोंद दिली आहे. हे सारे लंडनच्या बाजाराकडे जात. पुढे दलदली कोरड्या करून तिथे शेते झाली, बंदुका सुधारल्या, आणि इंग्लंडमधले डिकॉय एकेक करून बंद पडले.

त्यांचा दुसरा जन्म घडवण्यात एका शाळामास्तराचा मोठा वाटा आहे. डेन्मार्कमधील व्हीबॉर्गचे शिक्षक हान्स ख्रिस्तियान मोर्टेन्सन यांनी १८९९ साली क्रमांक आणि पत्ता कोरलेली ॲल्युमिनियमची कडी साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत घातली. बदकांना कडी घालायची तर ती जिवंत आणि इजा न होता हाती यायला हवीत. त्यासाठी मोर्टेन्सन फानो बेटावरच्या डिकॉयकडे वळले. तिथे पकडलेली चक्रांग आणि तलवार बदके त्यांनी कडी घालून सोडून दिली. सापळ्याचा जो गुण कसायाच्या उपयोगी होता, तोच विज्ञानाच्या उपयोगी पडला.

पीटर स्कॉट यांनी १९४६ साली इंग्लंडमध्ये स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली. तिथे १८४३ साली बांधलेला एक जुना डिकॉय होताच. तोही कडी घालण्यासाठी वापरात आला. यात एक कडवट गोष्टही आहे. कडी परत येई ती बहुधा कोणी तरी ते बदक मारल्यामुळेच. स्थलांतराचे नकाशे भरण्यात शिकाऱ्यांच्या पत्रांचा हात मोठा आहे.

आपल्याकडे डच पद्धतीचे डिकॉय नव्हते, पण हा धडा आपणही गिरवला. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून पक्ष्यांच्या स्थलांतराचा मोठा अभ्यास केला. त्यासाठी पक्षी पकडले ते बिहारमधल्या मीरशिकार या परंपरागत पारध्यांनी. पक्षी कुठे उतरेल, कशाला भुलेल, कसा धरला तर त्याचे पंख दुखावणार नाहीत, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते त्यांच्या हातांत होते. भरतपूरला कडी घातलेल्या बदकांच्या खबरा थेट सायबेरियातून आल्या.

हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरला किंवा गावच्या तलावावर मुलांना नेलेत, तर तिथली बदके कुत्र्याकडे कशी पाहतात एवढेच दुरून, त्यांना न उठवता पाहा. किती बदके कुत्र्याच्या दिशेने वळली, किती दूर गेली, अंतर किती राखले, हे वहीत मांडता येईल. डच पारध्याने पहिल्यांदा एवढेच केले असणार. त्याने वही मात्र ठेवली नव्हती.