पाते कारखान्याचे, मूठ नावाहोंची

#थ्रेड

१/ अमेरिकेतील बक कंपनीने १९६४ साली ‘११०’ नावाचा घडीचा चाकू बाजारात आणला. दोन्ही टोकांना पितळ, मध्ये लाकडी मूठ आणि उघडले की जागीच पक्के बसणारे पाते. शिकाऱ्यांचा आणि कष्टकऱ्यांचा हा चाकू पुढे लाखोंच्या कमरेला दिसू लागला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्याचेच एक निराळे रूप संग्राहकांच्या हाती आले. त्याच्या मुठीत साध्या लाकडाऐवजी रंगीत खड्यांचे जडावकाम होते.

२/ अशा कामासाठी सर्वाधिक ओळखले जाणारे नाव म्हणजे डेव्हिड यलोहॉर्स. ते नावाहो. कारखान्यात बनलेल्या चाकूंच्या मुठी जडावाने सजवण्यातच त्यांची कारकीर्द घडली. त्यांच्या कामामुळे एक प्रश्न उभा राहतो : पाते ज्यांनी घडवले नाही, त्यांच्या नावाने हा चाकू का ओळखला जावा? त्याला नावाहो कलावस्तू म्हणता येईल का? उत्तरासाठी आपल्याला दीडशे वर्षे मागे जावे लागेल.

३/ नावाहो स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. दिने म्हणजे माणसे. चार पवित्र पर्वतांच्या मधला प्रदेश ही त्यांची भूमी. परंपरेत प्रत्येक पर्वताशी एक मौल्यवान द्रव्य जोडलेले आहे : पूर्वेला पांढरा शंख, दक्षिणेला फिरोजा, पश्चिमेला अबलोनी शिंपला आणि उत्तरेला काळा जेट. जडावाच्या मुठीत फिरोजा, शिंपला आणि जेट शेजारी बसतात, तेव्हा जाणत्या दिने माणसाला त्यांत केवळ रंग दिसत नाहीत, दिशाही दिसतात.

४/ धातुकाम मात्र मूळचे त्यांचे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आत्सिदी सानी या नावाहो पुरुषाने एका मेक्सिकन लोहाराकडून लोखंडकाम शिकून घेतले, असे परंपरा सांगते. ‘आत्सिदी’ म्हणजे ठोकून घडवणारा, ‘सानी’ म्हणजे वृद्ध. लगामाच्या कड्या बाहेरून विकत घेण्यापेक्षा आपण घडवाव्यात, हा त्यामागचा व्यवहारी हिशेब होता.

५/ मग आले १८६३ साल. अमेरिकी सैन्याने किट कार्सनच्या हाताखाली नावाहोंची शेते जाळली, मेंढरे मारली. कॅन्यन डी शेच्या दरीतील पीचच्या बागा पुढच्या वर्षी तोडल्या. उपासमारीने शरण आलेल्या माणसांना सुमारे ५०० किलोमीटर चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेण्यात आले. या वाटचालीला इतिहासात ‘लाँग वॉक’ म्हणतात. आठ हजारांहून अधिक माणसे त्या उजाड, खारट पाण्याच्या जागी कोंडली गेली.

६/ छावणीत शिधा मिळे तो बिल्ल्यांवर. आधी कागदी तुकडे दिले गेले. त्यांची नक्कल होऊ लागली, तेव्हा सैन्याने ठसा उमटवलेले धातूचे बिल्ले आणले. नावाहो धातुकारांनी त्यांचीही हुबेहूब नक्कल केली! भुकेल्या माणसांच्या पोटासाठी केलेली ही ठसेगिरी त्यांच्या हातातील कसबाचा पुरावा ठरावी, हा इतिहासाचा विलक्षण न्याय होय.

७/ १ जून १८६८ रोजी तह झाला आणि नावाहो मायभूमीत परतले. बंदिवासातून मूळ प्रदेशाच्या एका भागात परतण्याचा हक्क मिळवणाऱ्या मोजक्या जमातींपैकी ही एक. परतल्यानंतरच्या वर्षांत चांदीकाम पसरले. कच्चा माल कोणता? अमेरिकी डॉलर आणि मेक्सिकन पेसो. ज्या सत्तांनी त्यांना नमवू पाहिले, त्यांचीच नाणी मुशीत वितळून लगाम, बांगड्या आणि कमरपट्टे बनू लागले.

८/ वॉशिंग्टन मॅथ्यूज हा सैन्यातील डॉक्टर फोर्ट विंगेट येथे नेमणुकीस होता. त्याने नावाहो चांदीकारांना समोर बसवून काम करायला लावले आणि त्याची नोंद १८८३ साली प्रसिद्ध झाली. बकरीच्या कातड्याचा भाता, ओंडक्यात रोवलेला लोखंडी तुकडा हीच ऐरण, घरच्या मातीची मूस, घासण्यासाठी वाळू आणि राख. इतक्या तुटपुंज्या साधनांतून इतके नेटके काम कसे होते, याचे त्याला नवल वाटले.

९/ चांदीत फिरोजा बसू लागला तो १८८० च्या सुमारास. जडावाची खरी मुळे मात्र शेजाऱ्यांच्या अंगणात आहेत. प्राचीन पुएब्लो लोक शेकडो वर्षांपूर्वी हे काम करत. चाको दरीतील पुएब्लो बोनिटो येथे १८९७ साली जेटचा एक बेडूक सापडला, त्याचे डोळे फिरोजाचे आहेत. विसाव्या शतकात झुनी कारागिरांनी धातूच्या बारीक भिंती उभारून त्यांच्या खाचांत रत्ने बसवण्याची पद्धत पक्की केली. नावाहोंनी तीही आपलीशी केली.

१०/ चाकूच्या मुठीवर हेच तंत्र लागू पडते. मूळ लाकूड काढायचे, रिकाम्या जागेत धातूच्या पातळ पट्ट्यांनी कप्पे आखायचे. प्रत्येक कप्प्याच्या मापाचा दगड कापायचा, चाकावर घासत फट उरणार नाही इतका जुळवायचा आणि चिकटवायचा. शेवटी दगड, शिंपला, पितळ असे सारे एकाच पातळीत घासून झिलई द्यायची. अडचण अशी की फिरोजा मऊ, पोवळे त्याहून मऊ आणि धातू चिवट. सारे एकाच चाकावर धरले तर मऊ वस्तू आधी झिजते आणि खळगा पडतो. बोट फिरवून सांधा जाणवला नाही, तर काम साधले.

११/ आणखी एक कसोटी. पदकातला खडा गळ्यात शांत लटकतो. चाकूची मूठ मात्र हातात आवळली जाते, खिशात घासली जाते, कधी खाली पडते. म्हणून इथे कडा गोलसर ठेवाव्या लागतात, आणि ठिसूळ फिरोजा बहुधा राळेने मुरवून टणक केलेला वापरतात. शोभेच्या वस्तूला वापराची शिस्त पाळावी लागते.

१२/ पण ही कला बाजारावर इतकी का अवलंबून राहिली? १८९९ पासून रेल्वेप्रवाशांसाठी हॉटेले चालवणारी फ्रेड हार्वे कंपनी पर्यटकांना परवडतील असे हलके दागिने मागवू लागली. १९३० च्या दशकात जमिनीची धूप रोखण्याच्या नावाखाली सरकारने नावाहोंचे कळप सक्तीने कमी केले. मेंढरू म्हणजे त्यांचे दूध, लोकर, मांस आणि प्रतिष्ठा. ते गेल्यावर अनेक घरांना रोख पैशाची वाट शोधावी लागली. ऐरण आणि हातमाग ही त्यांपैकी एक वाट होती.

१३/ बाजार आला की नक्कलही येते. ‘इंडियन’ म्हणून परदेशी यंत्रमाल विकला जाऊ लागला आणि खऱ्या कारागिराच्या मजुरीवर घाला पडला. १९९० च्या कायद्याने अशी खोटी विक्री गुन्हा ठरवली. पहिल्याच गुन्ह्यासाठी व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात.

१४/ आणि इथेच आपल्या प्रश्नाचे उत्तर दडले आहे. या कायद्याचे नियम विचारतात ते असे : साहित्याचे मोठे रूपांतर घडवणारे कलेचे श्रम कोणाचे? साहित्य कुठून आले, यावर सारे ठरत नाही. तसे ठरले असते तर मेक्सिकन पेसो वितळून केलेली बांगडीही नावाहो ठरली नसती, स्पॅनिश मेंढीच्या लोकरीचे घोंगडेही नाही.

१५/ म्हणजे यलोहॉर्स यांची मूठ परंपरेतून निसटलेली वस्तू नव्हे. मेंढी स्पॅनिशांची, ऐरण मेक्सिकनांची, जडाव पुएब्लोंचा, चाकू कारखान्याचा; प्रत्येक वेळी बाहेरची वस्तू दारात आली आणि दिने हातांनी तिला आपली भाषा शिकवली. परंपरा ‘शुद्ध’ असावी असा आग्रह बहुधा संग्राहकांचा असतो. ज्यांना तिच्यावर घर चालवायचे असते, ते तिला वाढू देतात.

१६/ संग्रहालयात किंवा लिलावाच्या यादीत अशी वस्तू दिसली, तर तिचा काळ आणि किंमत जरूर वाचा. त्यासोबत हेही शोधा : ती घडवणाऱ्या हातांचे नाव तिथे लिहिले आहे का? एकोणिसाव्या शतकातील बहुतेक नावाहो कामावर ते नाव नाही. आज ते लिहिले जाते, हा या कथेतील अलीकडचा आणि कष्टाने मिळवलेला बदल आहे.

(समाप्त)