पात्रता (वनहक्क)
कसलेल्या वनजमिनीवर दावेदाराचा हक्क मान्य करण्याची कसोटी. कसाऱ्याच्या परिसरात, शहापूर व मुरबाड तालुक्यांत वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबे डोंगरउतारावर नागली-वरई पिकवत आली. सातबारावर मात्र मालक वनखाते. वनहक्क कायदा, २००६ नुसार अनुसूचित जमातींच्या दावेदाराचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा; इतर पारंपरिक वननिवासींना त्याआधीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. कमाल क्षेत्र ४ हेक्टर. पडताळणी ग्रामसभेपासून सुरू होते आणि अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समिती देते.

ही पात्रता बक्षीस नव्हे. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे कायद्याची प्रस्तावनाच मान्य करते. म्हणजे हक्क नव्याने दिला जात नाही, आधीपासूनचा नोंदला जातो. खरी अडचण पुराव्याची. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कागद मिळालाच नाही, त्यांच्याकडे कागद मागणे अन्यायाचे आहे. म्हणूनच नियमांनी गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा मानला, ही या कायद्यातील सर्वांत न्याय्य तरतूद होय. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना वनजमिनीवरून हटविण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. मान्य झालेला हक्क वारसांकडे जातो, विकता येत नाही. विवाहितांच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदला जातो.