शमुवेल ते समाजी : नावांचा एक प्रवास

नाव केवळ हाक मारण्यापुरते नसते. त्यात आईवडिलांची प्रार्थना साठलेली असते. बुलढाणा जिल्ह्यातील आपल्या काही कुटुंबांत मुलाला स्नानसंस्काराचे एक आणि शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे, अशी दोन नावे आढळतात. पहिले नाव ‘इंग्रजी’ आहे असे कोणी म्हटले की पालक संकोचतात. हा संकोच निराधार आहे.

जॉन, जोसेफ, मायकल ही नावे मुळात इंग्लंडची नव्हेत. ती पश्चिम आशियातील हिब्रू भाषेतून ग्रीक व लॅटिनमार्गे युरोपात पोहोचली. हिब्रू नाव हे बहुधा एक छोटे वाक्यच असते. ‘योहानान’ म्हणजे परमेश्वराने कृपा केली. ‘एल’ म्हणजे देव. म्हणून दानिएल म्हणजे देव माझा न्यायाधीश, रफाएल म्हणजे देव बरे करतो, आणि मिखाएल म्हणजे देवासारखा कोण आहे? मत्तय या नावाचा मूळ अर्थ परमेश्वराचे दान. आपला देवदत्त त्याचा अर्थाने सख्खा भाऊच!

जुन्या करारातील हन्नेने नवस करून पुत्र मागितला आणि त्याचे नाव शमुवेल ठेवले. जिजाऊंचे माहेर आपल्याच जिल्ह्यातील सिंदखेड राजा. त्यांनी शिवनेरीवर शिवाई देवीच्या नावावरून पुत्राचे नाव ठेवले, असे परंपरा सांगते. श्रद्धा निराळी, मातृहृदय एकच.

हाच शमुवेल महाराष्ट्रात ‘समाजी’ झाला. कोकणातील बेने इस्रायल समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करी आणि शनिवारी विश्रांती पाळी. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मराठी ही त्यांची मातृभाषा. त्यांनी गावांवरून ‘कर’ लावून आडनावे घेतली आणि धर्मग्रंथातील नावांना ‘जी’ जोडला : इसहाकाचा इसाजी, मोशेचा मुसाजी. त्यांच्यातील सॅम्युएल इझिकेल, म्हणजेच समाजी हसाजी दिवेकर, इंग्रजांच्या सैन्यात अधिकारी होते. टिपू सुलतानाच्या कैदेत त्यांनी सुटकेसाठी नवस केला, अशी आख्यायिका आहे. मुंबईतील पहिले सिनेगॉग त्यांनी १७९६ मध्ये उभारले. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ ‘दयेचे द्वार’.

गोव्यातही हेच घडले. पोर्तुगीजांबरोबर आलेली जुझे आणि मिगेल ही नावे कोकणी मुखात घरची झाली. मिगेलचा ‘मिंगेल’ झाला. नाव ज्या भाषेत प्रेमाने उच्चारले जाते, त्या भाषेचे होते.

तथापि, हिब्रू नावच हवे असा दंडक नाही. १९१७ च्या धर्मसंहितेचा संतांच्या नावासाठी आग्रह होता. १९८३ च्या संहितेचे ८५५ वे कलम एवढेच सांगते की, नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे. म्हणजे देवदत्त, करुणा, आशा ही नावेही वेदीपाशी तितकीच शोभतात.

लूकलिखित शुभवर्तमानात जखऱ्याच्या नातलगांनी हरकत घेतली होती, की योहान हे नाव आपल्या कुळात कोणाचेच नाही. मुक्या झालेल्या पित्याने पाटी मागवून तेच नाव लिहिले. पालकांनी त्याच्यासारखे ठाम असावे. पण त्याआधी नावाचा अर्थ जाणून घ्यावा आणि मूल मोठे होताच त्याला तो सांगावा. अर्थ ठाऊक असलेल्या मुलाला आपले नाव कोणापुढेही लपवावे लागणार नाही.