फुगीर नळीची विद्या

आरएक्स १००ला बाहेरचा सायलेन्सर बसवायला कोणी गॅरेजात आलं की मी आधी विचारतो, आवाज हवा की पळ? दोन्ही म्हणणाऱ्याला चहा पाजतो आणि त्शोपाऊची गोष्ट ऐकवतो.

तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या या गावात एमझेड मोटरसायकलींचा कारखाना होता. तिथे वाल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात टू-स्ट्रोकच्या फुगीर एक्झॉस्टचं गणित पक्कं केलं. पोट मोठं, शेपूट निमुळतं. धुराबरोबर न जळालेलं पेट्रोलही पोर्टातून निसटतं. मागच्या शंकूवर आपटून परतलेली दाबाची लाट ते पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. लाट वेळेवर परतली तरच, बरं का! म्हणून मी नळीची लांबी बघतो, क्रोम नाही. १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसी इंजिनातून २५ हॉर्सपॉवर निघू लागली.

त्याच वर्षी स्वीडनच्या शर्यतीनंतर त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि सुझुकीला मिळाला. विद्याही गेली. १९६२ साली ५० सीसीचं विश्वविजेतेपद सुझुकीवर बसलेल्या डेग्नरनेच जिंकलं.

आमच्याकडे आरएक्स १०० आली १९८५ मध्ये. तिच्या मूळ सायलेन्सरमागेही हेच गणित आहे. हा फुगीर एक्झॉस्ट बदललात तर कार्बोरेटरचा मेन जेटही जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर मिश्रण पातळ होऊन पिस्टन जाम होतो. नुसती आतली जाळी उपटली तर गाडी ओरडते फक्त. असले सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात, त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.