अपिलातील लेखनदोषांची दुरुस्ती

अपिलातील लेखनदोषांची दुरुस्ती म्हणजे अपिलाच्या कागदपत्रांत किंवा त्यावरील न्यायनिर्णय, हुकूमनामा व आदेश यांत अनवधानाने राहिलेल्या चुका सुधारण्याची कायदेशीर प्रक्रिया होय. भारतातील दिवाणी प्रकरणांत ती दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ नुसार चालते.

दाखल करताना

अपिलाचे ज्ञापन विहित रीतीने लिहिलेले नसल्यास आदेश ४१, नियम ३ अन्वये न्यायालय ते नाकारू शकते, मुदत देऊन दुरुस्तीसाठी परत करू शकते किंवा तेथल्या तेथे दुरुस्त करवून घेऊ शकते.

निकालानंतर

कलम १५२ नुसार लेखनातील वा हिशेबातील चूक न्यायालय स्वतःहून अथवा पक्षकाराच्या अर्जावरून केव्हाही दुरुस्त करू शकते. हुकूमनाम्यात जमिनीच्या गट क्रमांकाचा एक अंक चुकला, तरी दावा जिंकलेल्या पक्षकाराचा ताबा दरखास्तीत अडू शकतो. या तरतुदीमुळे त्यास नव्याने दावा लावावा लागत नाही. अपील गुणदोषांवर निकाली निघाल्यास मूळ हुकूमनामा अपिलीय हुकूमनाम्यात विलीन होतो आणि दुरुस्ती सामान्यतः अपिलीय न्यायालय करते. आदेश ४१, नियम ११ खाली अपील प्राथमिक सुनावणीतच फेटाळले गेल्यास मात्र कलम १५३-अ अन्वये मूळ न्यायालयास ती करता येते.

मर्यादा

न्यायाधीशांनी विचारपूर्वक काढलेला निष्कर्ष, तो चुकीचा असला तरी, या मार्गाने बदलता येत नाही. त्यासाठी पुनर्विलोकन किंवा वरिष्ठ न्यायालयात अपील हेच मार्ग उपलब्ध असतात. न्यायालयाच्या कृतीमुळे कोणाचेही नुकसान होऊ नये, हे या तरतुदीमागील तत्त्व आहे.